बाईंचं फोल्डर

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी मी अख्खं ग्रंथालय मुकं केलं.

कोणी यायच्या आत पोचलो होतो. घरी दिवा लावतो तसा मशीनच्या खोलीत लावता येत नाही, छताला धूर ओळखणारी घंटा आहे. म्हणून नुसते हात जोडले, मनात नाव घेतलं आणि बसलो. हे काम कधीचं डोक्यात होतं. आमची सगळी पुस्तकं, म्हणजे डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी माणसांनी मोठ्याने वाचून रेकॉर्ड केलेली, एकाच जुन्या सर्व्हरवर आहेत. तो दमेकऱ्यासारखा धापा टाकतो. एक दिवस गेला की सगळं गेलं. तेव्हा दोन्ही शाखांतल्या सर्व्हरवर त्याची एकेक प्रत ठेवायची. रीड-ओन्ली. त्या प्रतींतून फक्त ऐकायचं. नवीन ठेवणं, जुनं काढणं हे इथल्या मूळ जागीच.

केलं. जागा नेमल्या, पहिली रिलीज दिली, म्हणजे मूळ जागेचं सगळं तिकडे पाठवलं, दोन्हीकडे प्रत तयार झाली. समाधानाने चहा प्यायला गेलो.

परत येतो तर कानसेन दारात! हा आमचा रेकॉर्डिंगवाला. गळा बेताचा, कान मात्र भिंतीपलीकडचे, म्हणून हे नाव. "अहो महाराज, केलंत काय? काहीच सेव्ह होत नाहीये! रेडिओवाले तासभर वाचून बसलेत आत, लाल होऊन!"

चूक माझीच. प्रत केली की सगळ्यांचा नेहमीचा रस्ता आपोआप प्रतीकडे वळतो, आणि प्रतीत लिहिता येत नाही. लिहिणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता काढून ठेवायला हवा होता. पुस्तकात वाचलं होतं, पण चहाच्या घाईत राहिलं. लगेच काढला. नाव तेच, फक्त आधी एक टिंब. टिंबाच्या रस्त्याने गेलं की मूळ जागी, टिंबाशिवाय गेलं की प्रतीत. रेडिओवाल्यांचं (रेडिओवर निवेदक होते, आता आमच्यासाठी वाचतात) वाचन वाचलं.

मग सगळ्यांना बसवून सांगितलं: तुम्ही टिंबाच्या रस्त्याने ठेवाल ते लगेच कोणाला ऐकू येणार नाही. दर शुक्रवारी मी रिलीज देईन, तेव्हा मूळ जागी जसं असेल तसं दोन्ही प्रतींत जाईल. कानसेन म्हणाला, "म्हणजे आम्ही स्वयंपाक करायचा आणि वाढायचं तुम्ही!" अगदी तसंच.

गावच्या शाळेत वर्गाला मिळून एक पुस्तक असायचं. गुरुजी वाचायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. गुरुजींनी पुढे पुस्तकात दुरुस्ती केली तरी आमच्या वह्यांत जुनंच. ते पुन्हा सांगतील तेव्हा आमचं बदलायचं. तेच हे, फक्त विजेवर.

आमच्यासाठी घरूनही वाचून पाठवणाऱ्या बाईंच्या कॉम्प्युटरवरचा रस्ताही इथूनच बदलून टिंबाचा केला. त्या दवाखान्यात आहेत, गळ्याचं ऑपरेशन. त्यांना सांगायचं राहिलं. घरी आल्या की सांगेन. तशी घाई नाही.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

रिलीज दिली. सुरळीत. धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याला म्हटलं, आता तू एकटा नाहीस बाबा.


११ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी ताईने घरच्या प्लेअरवर, म्हणजे आमच्या प्रतीतूनच, पुन्हा दीपगृहाची गोष्ट लावली. बाईंनी वाचलेली. एकतिसावं प्रकरण संपलं की पुढे नाही — शेवटची दोन वाचायच्या आधीच बाईंना दवाखान्यात जावं लागलं. मग ताई पुन्हा पहिल्यापासून लावते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणीच्या तापात दृष्टी गेली. शाळेतून आलो की पाटी ठेवायच्या आधी ती म्हणायची, "आज काय शिकवलं? वाच." मी अडखळत वाचायचो, ती चुका काढायची. न बघता! एवढ्या वर्षांनी मी या नोकरीला लागलो तेव्हा म्हणाली, "बरं झालं. तुझ्यापेक्षा बरं वाचणारं कोणीतरी मिळेल आता."

बाई मिळाल्या. निवृत्त शिक्षिका. पैसे न घेता वाचतात, वर्षानुवर्षं. आमची ही स्वयंपाकघरातून कुरकुरते, "सवत परवडली, ही बाई नको. तिचा आवाज असला की ताई जेवायला उठत नाहीत." आणि स्वतःही कणीक मळता मळता थांबून ऐकते.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रिलीजच्या आधी मूळ आणि प्रत शेजारी शेजारी ठेवून बघतो. आज बघितलं तर मूळ जागी बाईंचं दीपगृहाचं फोल्डर रिकामं. एकतीसच्या एकतीस प्रकरणं नाहीत. प्रतींत मात्र आहेत.

आधी वाटलं, म्हाताऱ्या सर्व्हरची डिस्क गेली. पण डिस्क ठीक. काढलं होतं बाईंच्याच नावाने, त्यांच्या घरून.

फोन केला. पलीकडून कोणीतरी खरखरीत "हॅलो" म्हणालं. मी म्हटलं, "बाईंना देता का?" 

"मीच."

मला पटेना. पुन्हा विचारलं, "बाई आहेत का घरी?" दुसऱ्यांदा!

मग त्या म्हणाल्या, "मीच काढलंय ते. चुकून नाही. संचालकसाहेबांचा फोन होता. शेवटची दोन प्रकरणं रेडिओवाल्यांकडून वाचून घेऊ म्हणाले. माझ्या तोंडात दुसऱ्याची जीभ! नको मला. आणि... नात आलीये सुट्टीला. दिवसभर तेच लावून बसते. मी हाक मारली की म्हणते, थांब गं, आजी वाचतेय."

"बरं," म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार? वाचणाऱ्याने आपलं वाचन परत घेतलं तर ते द्यायचं, हा आमच्या ग्रंथालयाचा पहिल्या दिवसापासूनचा शब्द आहे.

मग रिलीज द्यायला बसलो. एक ओळ लिहायची, बटण दाबायचं. दोन्ही शाखांतून तो आवाज जाईल. 

दिली नाही.


२८ फेब्रुवारी, शनिवार

ताईने चौथं प्रकरण लावलं. वादळाचं. मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.


६ मार्च, शुक्रवार

आजही रिलीज नाही. कानसेनने विचारलं, "महाराज, वाढणं कधी?" म्हटलं, शाखेच्या सर्व्हरवर जागा तपासतोय. खोटं. जागा भरपूर आहे.

बाईंचं फोल्डर तेव्हापासून उघडून बघितलेलं नाही. प्रतीतलं मात्र रोज बघतो. एकतीस फायली, ओळीने. जणू मी बघितलं नाही तर त्या जातील.

नाव घेताना मन लागत नाही. मध्येच वाटतं, ज्याची वस्तू त्याने मागितली आणि आपण कनवटीला लावून बसलोय. मग वाटतं, बाई रागात आहेत, राग उतरला की स्वतःच म्हणतील, मिळेल का हो परत? तेव्हा मी म्हणेन, आहे ना! किती चांगला दिसेन मी तेव्हा! यातला कोणता विचार देवाने दिला आणि कोणता माझ्या लबाडीने, कळत नाही.


८ मार्च, रविवार

ताई सकाळपासून मागे लागली होती. "बाईंना भेटव मला. इतकी वर्षं ऐकतेय, एकदा समोर बसू दे." मीही ठरवलं, आज सांगून टाकायचं. की बाई, तुम्ही काढलंत ते इथून गेलंय, पण शाखांमधल्या प्रतींत अजून आहे. ते जायला मी रिलीज द्यावी लागते, आणि मी दिलेली नाही.

जिन्यात ताईला म्हटलं, "आवाज बदललाय हं त्यांचा. ओळखू नाही आल्या तर बोलून दाखवू नकोस. वाईट वाटेल."

"मला अक्कल शिकवतोस?"

दार बाईंनीच उघडलं. गळ्याभोवती स्कार्फ. बोलल्या तेव्हा वाळूवरून कोणी पाय ओढत चालावं तसा आवाज. वर चढतच नाही. ताई खुर्चीत बसली, हात मांडीवर, मान जराशी कलती. ऐकताना बसते तशी. मला धाकधूक. बाई माझ्याशीच बोलत होत्या, ताईकडे तोंड करून बोलायचं टाळत होत्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकते. दूध आहे. आणि... साखर किती घालू?"

ताई एकदम हसली. "बाई! तुम्हीच!"

बाई जागच्या जागी उभ्या.

"'आणि' असं म्हणून थांबता ना! दीपगृहवाल्याची मुलगी पत्र वाचते तिथे थांबता, तो बोट सोडतो तिथे थांबता. जगात कोणी असं थांबत नाही. मला वाटायचं, श्वास घेता. श्वास नाही, तुम्ही पुढचं बघून घेता आधी."

"आवाज तो राहिला नाही हो माझा," बाई म्हणाल्या.

"आवाज काय, आवाज सर्दीतही बदलतो. थांबणं तेच आहे."

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. चहा उकळून उकळून काळा झाला. आम्ही तसाच प्यालो. नंतर दोघी अशा बोलत बसल्या की मी खोलीत आहे हेच विसरल्या. ताईने चौथ्या प्रकरणाची सुरुवात म्हणून दाखवली, बाईंनी एक शब्द दुरुस्त केला, ताई म्हणाली तुम्ही असंच वाचलंय, बाई म्हणाल्या मग मी चुकीचं वाचलंय! नात आतून डोकावून गेली.

सांगायचं ते मी सांगितलं नाही. अशा वेळी कसं सांगणार? असं मी स्वतःला सांगितलं.


९ मार्च, सोमवार

ताई दिवसभर गुणगुणत होती. ही म्हणाली, "काय पाजलंत काय हो काल यांना?"


१२ मार्च, गुरुवार

कानसेन म्हणाला, "बाईंचा फोन होता. त्यांना म्हटलं, बोला बाई! मी ओळखलं बरं का लगेच, कान आहेत मला. तर विचारतात, कोणी काही म्हणालं का? म्हटलं, कशाबद्दल? तर म्हणाल्या, राहू दे, आणि ठेवूनच दिला."

बिचाऱ्या. त्यांना वाटतंय पुस्तक गेलं, आणि त्या बघतायत की कोणाला त्याची उणीव भासली का. कोणाला भासणार? प्रत्येक जण अजून ऐकतोय! त्यांचा रुसवाही मी कोणापर्यंत पोचू दिलेला नाही.


१३ मार्च, शुक्रवार

नाही.


१७ मार्च, मंगळवार

नदीकाठच्या शाखेतून फोन. तिथल्या एक टेलिफोन ऑपरेटर बढतीची परीक्षा देतायत. त्यांच्या विषयाचं पुस्तक रेडिओवाल्यांनी कधीच वाचून ठेवलंय, आणि त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. शाखेतल्या बाई म्हणाल्या, "त्या रोज येतात. काठी टेकवतात आणि विचारतात, आलं का? आम्ही रोज नाही म्हणतो. परीक्षा काय तुमच्या शुक्रवारासाठी थांबणार आहे का?"

रिलीज होते ती अख्ख्या व्हॉल्यूमची, म्हणजे सगळ्या पुस्तकांच्या एका गठ्ठ्याची, होते. बाईंचं तेवढं मागे ठेवून बाकीचं पाठवता येत नाही.

कानसेन म्हणाला, परीक्षेचं वेगळ्या व्हॉल्यूममध्ये टाका ना. येतं तसं करता. पण ते केलं तर या व्हॉल्यूमची रिलीज मी जन्मात देणार नाही, हेही मला ठाऊक आहे. आणखी एक करता येतं: प्रतीतून एकतीस फायली उचलायच्या, माझ्या कपाटात टाकायच्या, आणि मग साळसूदपणे रिलीज द्यायची. कोणाला कळणार नाही. एक सोडून. त्याला रोज सकाळी हात जोडतो मी.

संध्याकाळी संचालकांनी बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस तीन आठवडे जागा तपासत नाही. काय आहे ते मी विचारत नाही. शुक्रवारी झालं पाहिजे."


१९ मार्च, गुरुवार

जेवणं झाल्यावर ताईला सगळं सांगितलं. बाईंनी पुस्तक काढलंय. तू ऐकतेस ते मी धरून ठेवलेलं आहे. तुझ्यासाठी.

ती प्लेअर मांडीवर घेऊन बसली होती. त्यावरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, रडेल.

"माझ्यासाठी?" म्हणाली. "मी मागितलं होतं?"

"नाही. पण तू रोज..."

"मी रोज जेवतेही. म्हणून शेजारच्यांच्या घरून उचलून आणशील का?" मग जरा थांबून, "त्या दिवशी त्यांच्या घरी बसले मी. चहा घेतला. त्यांना तोंडावर म्हटलं, मला चौथं प्रकरण पाठ आहे. आणि तू शेजारी गप्प! दृष्टी माझी गेलीये रे. तू का डोळे मिटून घेतलेस?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ही ऐकत होती.

"एक सांगू का," ताई म्हणाली, आता राग नव्हता. "त्यांना जेव्हा वाटेल तेव्हा त्या वाचतील. नाही वाटलं तर नाही वाचणार. माणूस आहे ते. तुझ्या प्रतीतली बाई मला 'साखर किती' असं कधी विचारायची नाही."

विचारलं, "मग उद्या सोडू?"

"आज ऐकते शेवटचं. उद्या सोड."

लावलं तिने. आम्ही तिघांनी ऐकलं, दिवा न लावता. ताईला दिवा लागत नाही, आम्हालाही सुचलं नाही. प्रकरण संपल्यावर तिने स्वतःच प्लेअर बंद करून फळीवर ठेवला.


२० मार्च, शुक्रवार

बसलो. रिलीजच्या आधी मूळ फोल्डर उघडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. रिकामं घर बघायला कोण जातं?

रिकामं नव्हतं.

एकच फाईल. प्रकरण पहिलं. तारीख नऊ मार्च. आम्ही चहा पिऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

लावली. वाळूवरून पाय ओढत चालणारा आवाज. "त्या वर्षी समुद्र लवकर शांत झाला. बोटी निघाल्या. आणि..." 

थांबणं.

बाईंना टिंबाचा रस्ता मी कधी सांगितलाच नाही. त्यांच्या हिशेबाने त्यांनी ठेवलं त्या दिवशीच सगळ्यांनी ऐकलं. कोणी काही म्हणालं का, असं त्या विचारत होत्या ते याबद्दल! कोणी काही म्हणालं नाही. ते कोणापर्यंत गेलंच नव्हतं. जुना आवाज धरून ठेवायला मी नव्याचं दार लावून बसलो होतो.

ओळ लिहिली. बटण दाबलं. नदीकाठी पोचलं, दुसऱ्या शाखेत पोचलं. एकतीस प्रकरणं गेली.

आता बाईंकडे जायचंय. त्याआधी घरी फोन केला.

"ताई, दीपगृह लाव. पहिल्यापासून."

"आज ते काढणार होतास ना?"

"काढलं. लाव तू."